पान खिशात नको, रोप मुळासकट आणा



भिवंडी तालुक्यात फिरताना एक प्रसंग माझ्यावर आठवड्यातून चार वेळा तरी येतो. पडघ्याच्या नाक्यावर चहाचा कप हातात असतो, तेवढ्यात ओळखीचे कुणी भाऊ गाडी थांबवतात, शर्टाच्या खिशातून एक पान काढतात आणि माझ्या तळहातावर ठेवतात. पान चुरगळलेले, घामाने भिजलेले, कडा काळ्या पडलेल्या. ते कुठल्या झाडाचे हेही विचारावे लागते. प्रश्न मात्र ठरलेला असतो, "सायेब, काय मारू?"

"काय झालंय?" असे कुणी विचारत नाही. घरात पोराला ताप आला तर डॉक्टरला आपण आधी विचारतो, कशाचा ताप आहे? झाडाच्या बाबतीत मात्र थेट बाटलीच्या नावावर येतो. आणि मी नाव सांगितले नाही, तर "सायबाला काय येत नाय" हा शेरा मिळतो तो वेगळाच!

आजचा विषय हाच आहे. परसबागेतल्या, बांधावरच्या किंवा भाजीच्या चार ओळींतल्या झाडाला काही झाले, तर नेमके काय झाले हे ओळखायला गावातल्या गावात कुणाची मदत घ्यावी आणि कशी घ्यावी. खात्याचा माणूस गावोगाव रोज येऊ शकत नाही, हे तुम्हीही जाणता आणि मीही. एकेका सहायकाकडे कितीतरी गावे असतात, त्यात पंचनामे, अर्ज, बैठका. भाताचे पीक असेल तर वेळ काढला जातो. पण कुणाच्या मागच्या दारच्या मिरचीसाठी कोण येणार?

पंप कुणाचा होता?

गेल्या श्रावणातली गोष्ट. वाडा रस्त्यालगतच्या एका गावात एक काकी आहेत. घरामागे दोन गुंठ्यांची परसबाग. भेंडीच्या चार ओळी, टोमॅटो, चवळी, कुंपणाकडेला मका. घरचे भागवून उरलेली भाजी त्या आठवडे बाजारात विकतात. त्या पैशात नातीच्या शाळेच्या वह्या येतात, असा त्यांचा हिशोब.

एके दिवशी भेंडीची नवी पाने बारीक, लांब, हाताच्या बोटांसारखी फाटलेली यायला लागली. टोमॅटोचे शेंडे पिळवटले. चवळीच्या वेलांचे टोक वाकडे. काकींनी पान घेतले, पिशवीत टाकले आणि दुकान गाठले. दुकानातून दोन बाटल्या आणि एक पुडी आली, साडेसातशे रुपयांची. एक बाटली फवारून झाली. फरक शून्य. शेजारणीने "नजर लागलीय" म्हणून मिरच्या ओवाळून टाकायला सांगितल्या. ते बाकी स्वस्तात झाले.

त्या गावात एक निवृत्त गुरुजी राहतात. शेतीची पदवी नाही की पदविका नाही. पण नजर बारीक, हातात भिंग, आणि मुख्य म्हणजे घाई नाही. काकी त्यांच्याकडे गेल्या, तेव्हा गुरुजींनी पान हातात घेतलेच नाही. म्हणाले, "चला, झाड बघू." परसात जाऊन ते पाच-दहा मिनिटे नुसते उभे राहिले. मग त्यांनी विचारले, "हे सगळं एकाच आठवड्यात झालं का?" हो. "आणि मक्याला काहीच नाही?" मका ठणठणीत होता. गुरुजी म्हणाले, "भेंडी, टोमॅटो, चवळी ही तीन घरची तीन माणसं. एकच रोग तिघांना एका दिवशी कसा होईल? आणि मका तेवढा कसा सुटला?" मग शेवटचा प्रश्न, "हे होण्याआधी काय फवारलं होतं?"

काकी म्हणाल्या, "मावा होता म्हणून निंबोळीचा अर्क मारला. दुसरं काय नाय."

"पंप कुणाचा?"

पंप दिराचा. दिराने त्याआधी त्याच पंपाने भाताच्या बांधावर टू-फोर-डी मारले होते. पंप नुसत्या पाण्याने विसळून ठेवला होता. हे तणनाशक रुंद पानांच्या झाडांवर चालते. भात, मका यांसारख्या गवतवर्गी पिकांना ते सहसा काही करत नाही. भेंडी, कापूस, टोमॅटो यांना मात्र त्याचा अंशही सोसत नाही. पंपाच्या तळाशी, नळीत, वायसरमध्ये जे राहिले तेवढ्याने हे काम केले.

गुरुजींनी मला फोन केला. "मला खात्री नाही, पण पंपावर संशय आहे. तुम्ही येऊन बघा." मी दोन दिवसांनी गेलो. त्यांचा संशय बरोबर होता. रोग नव्हता, कीड नव्हती, त्यामुळे दुकानातल्या कुठल्याही बाटलीने ते बरे होणारच नव्हते. ज्या रोपांना थोडाच फटका होता ती पुढे सावरली. पार पिळवटलेली उपटली. त्या झाडांची भेंडी खाऊ नका असे सांगितले. उरलेली बाटली आणि पुडी काकींच्या कपाटावर अजून तशीच आहे.

मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडले असेल, तर गुरुजींचे "मला खात्री नाही" हे वाक्य. गावात झाडांचा जाणकार म्हणून कुणाला बसवायचे असेल तर त्याला हे वाक्य म्हणता आले पाहिजे. ज्याला प्रत्येक पानाचे उत्तर येते, त्याच्यापासून जरा जपून.

माझीच एक चूक

दुसऱ्याला सांगायचे तर आपलेही सांगावे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका आबांची वांगी उभ्या उभ्या माना टाकत होती. सकाळी टवटवीत, दुपारी मलूल, चार दिवसांत झाड गेले. पान हिरवेच. मी लांबूनच पाहिले आणि बुरशीची मर म्हणून मुळाशी बुरशीनाशक ओतायला सांगितले. एकदा नाही, दोनदा. आबांनी ओतले. वांगी गेली. आबा मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे वाटले असते.

नंतर माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला तिथेच नेऊन एक साधी परीक्षा शिकवली. ती तुम्हीही घरी करू शकता. मरायला लागलेल्या रोपाचा जमिनीलगतचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापायचा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्यायचे. तुकड्याचे एक टोक पाण्यात बुडेल असा धरायचा आणि हलवायचा नाही. काही मिनिटांत त्या टोकातून दुधासारखा पांढरट धागा खाली उतरताना दिसला, तर ती जिवाणूंची मर. आपल्या कोकणच्या दमट हवेत वांगी-टोमॅटोला ती फार. तिच्यावर बुरशीनाशक काय करणार? रोप मुळासकट काढून जाळायचे, त्या जागी पुढे वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काही घ्यायचे नाही, आणि तिथले पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ द्यायचे नाही. खर्च म्हणाल तर एक ग्लास पाणी.

असेच मिरचीचे. "मिरचीला चुरडा आयला" म्हणून सगळे येतात, पण चुरडा एक नसतो. पाने वरच्या बाजूला, होडीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे. खालच्या बाजूला, उपड्या होडीसारखी वळली आणि देठ लांबले तर कोळी. आणि पाने बारीक, दाट झुपक्यात, झाड खुजे, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. फुलकिडे आणि कोळी यांची औषधेसुद्धा निराळी. विषाणूवर तर औषधच नाही, सुरुवातीलाच ते झाड काढून टाकणे एवढाच उपाय. आता सांगा, खिशातल्या चुरगळलेल्या पानावरून ते वर वळले होते की खाली, हे कुणी कसे ओळखायचे?

मुळावरच्या गाठींचेही तेच. वाल-चवळीच्या मुळावर गाठी दिसल्या म्हणून एका ताईंनी सगळा वाफा उपटायला घेतला होता. त्या गाठी नखाने सहज निघत होत्या. म्हणजे त्या नत्राच्या, झाडाच्या फायद्याच्या. सूत्रकृमीची गाठ मुळातच फुगलेली असते, ती सोलून निघत नाही. भेंडीच्या किंवा वांग्याच्या मुळाला गाठ दिसली तर मात्र गंभीरपणे घ्या, कारण या झाडांना नत्राच्या गाठी येतच नाहीत.

हे नवीन नाही

जुन्या मंडळींना आठवत असेल, ऐंशीच्या दशकात खात्याची प्रशिक्षण व भेट योजना होती. त्यात गावातले काही "संपर्क शेतकरी" निवडलेले असत. ग्रामसेवक स्तराचा माणूस ठरल्या वारी त्यांच्याकडे येई, माहिती देई, आणि ती माहिती त्यांनी पुढे पोचवायची असे. कल्पना चांगली होती, पण बहुतेकदा ज्याचा वाडा मोठा त्यालाच संपर्क शेतकरी केले गेले. वाड्यावर जायला लहान शेतकरी कचरतो. बाईमाणूस तर जातच नाही. पुढे "आत्मा" यंत्रणेत दोन गावांमागे एक "शेतकरी मित्र" अशी रचना आली. आता "उमेद"च्या बचत गटांतून कृषी सख्या तयार होत आहेत. परसबाग ही बाईच्या हातची असल्यामुळे माझ्या मते या कामाला कृषी सखीइतके योग्य दुसरे कुणी नाही.

बाहेरच्या जगातही हे झालेले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्यासारख्याच विस्तार अधिकाऱ्यांना घरच्या बागांचे प्रश्न घेऊन येणारे लोक आवरेनात. तेव्हा त्यांनी १९७३ पासून हौशी बागवाल्यांना विद्यापीठाचे प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. अट एकच, शिकलात तर त्याबदल्यात ठरावीक तास लोकांच्या झाडांचे प्रश्न फुकट सोडवायचे. ही मंडळी दुकानांच्या गर्दीत टेबल मांडून बसत. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियात २००० च्या सुमारास "रोपांचे दवाखाने" निघाले, आणि तोच धडा पुढे आपल्या तमिळनाडू-पुद्दुचेरीपर्यंत पोचला. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी हैराण झालेल्या इंडोनेशियात सरकारने १९८६ मध्ये भातासाठीच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आणली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांना बांधावर बसवून कीड कोणती, मित्रकीटक कोणता, हे शिकवले. आपण ज्याला शेतीशाळा म्हणतो तिचा उगम तो.

सरपंच आणि ग्रामसेवक यांच्यासाठी

ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच. तर सरपंच, भाऊसाहेब, तुमच्याकडून फार काही नको. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आठवड्यातून एक दिवस, सकाळी दोन तास, एक टेबल आणि दोन खुर्च्या. दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, एक सुरी, दोन काचेचे ग्लास, जुनी वर्तमानपत्रे आणि एक वही. बसायला दोघे. त्यांपैकी एक बाई असलीच पाहिजे. दोघांपैकी कुणाचे औषधाचे दुकान नसावे, आणि कुणाचा भाऊ-मेव्हणा दुकानात नसावा. यात दुकानदाराचा अपमान नाही. त्यांच्यातले कितीतरी जण आता "देसी"चा पदविका अभ्यासक्रम करून बसलेले आहेत आणि चांगले सांगतात. पण विकणारा आणि ओळखणारा एकच असला की मोह होतो. तो माणसाचा स्वभाव आहे.

वहीला कमी समजू नका. कुणाच्या झाडाला काय, कोणत्या वाडीत, कोणत्या तारखेला, एवढेच लिहायचे. तीन वाड्यांतून एकाच आठवड्यात एकच तक्रार आली, तर ती वही आमच्या तालुका कार्यालयात त्याच दिवशी आणून दाखवा. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी असाच अचानक हल्ला केला. तो लक्षात येईपर्यंत शेते गेली होती. त्यानंतरच राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा "क्रॉपसॅप" प्रकल्प सुरू झाला. पण तो भात, सोयाबीन, कापूस अशा मोठ्या पिकांचा. परसबागेची वही आपल्यालाच ठेवावी लागणार. ग्राम कृषी विकास समिती बऱ्याच ठिकाणी कागदावर आहे. तिला या निमित्ताने काम मिळेल.

आपल्या तालुक्याचे म्हणून जे आहे

पुस्तकात न सापडणारे काही आजार आपल्याकडे आहेत. खाडीकाठच्या खारबाव, काल्हेर पट्ट्यात उन्हाळ्यात पानांच्या कडा जळतात, आधी जुन्या पानांच्या, मग नव्या. लोक करपा समजून फवारतात. बऱ्याचदा तो करपा नसून बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यातला खार असतो. पाणी तपासून घ्या. गोदामांच्या पट्ट्यात आणखी वेगळे. शेजारी भराव पडला, ओहोळाची वाट बुजली, आणि तीस वर्षे उभा असलेला आंबा दोन पावसाळ्यांत पिवळा पडून वाळला, असे मी पाहिले आहे. मूळ पाण्यात गुदमरले तर वर कितीही फवारा! त्या झाडाचा उपाय पंपात नाही, ग्रामसभेत आहे.

नारळाखालचे लिंबू काळे पडल्याची तक्रार हल्ली वाढली आहे. पानांवर काजळी धरते. लिंबाला रोग झाला म्हणून लिंबावर फवारणी होते. जरा मान वर करून नारळाच्या झावळीची खालची बाजू बघा. तिथे पांढऱ्या गोल-गोल नक्षीत बारीक माशी बसलेली असते. ही चक्राकार पांढरी माशी आपल्या देशात २०१६ मध्ये प्रथम दक्षिणेत सापडली आणि पुढे कोकणापर्यंत आली. तिचा गोड चिकटा खाली पडतो आणि त्यावर काजळी वाढते. इथे विषारी कीटकनाशक मारू नका असे तज्ज्ञ सांगतात, कारण या माशीला खाऊन संपवणारा एक बारीक मित्रकीटक निसर्गातच असतो, औषधाने आधी तो मरतो. जोराचा पाण्याचा फवारा आणि निंबोळी तेल पुरते.

येताना काय आणाल

फवारायच्या आधी या, नंतर नव्हे. मेलेले झाड आणू नका, मरायला लागलेले आणा. लहान रोप असेल तर मुळासकट, मातीच्या गोळ्यासकट. त्याच वाफ्यातले एक चांगले रोपही आणा, फरक त्याशिवाय कळत नाही. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते दोन तासांत सडते, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळा. किडा असेल तर झाकणाच्या बाटलीत. झाड मोठे असेल तर मोबाईलवर तीन फोटो काढा : सगळे झाड, रोगट भाग जवळून (शेजारी रुपयाचे नाणे ठेवून), आणि आजूबाजूची जागा. नुसत्या पानाच्या फोटोवर कुणी छातीठोक निदान दिले तर त्याला हात जोडा.

गावातल्या स्वयंसेवकांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. रोग ओळखा, पाणी-खत-छाटणी सांगा, रोप उपटायला सांगा, सापळा लावायला सांगा. काकडी-दोडक्याच्या फळमाशीला गंधसापळा लावा म्हणणे हे तुमचे काम आहे. पण विषारी औषधाचे नाव आणि मात्रा तोंडी सांगू नका. ते काम आमच्या कार्यालयावर, कृषी विज्ञान केंद्रावर किंवा दापोलीच्या विद्यापीठाच्या शिफारशीवर सोडा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो रुग्णालयात पोचले. ती शेते कापसाची होती. आपल्या परसात तर पोरे खेळतात, कोंबड्या फिरतात, आणि आज फवारलेली भेंडी उद्या ताटात असते.

जिथे गावात अजून असे कुणी नाही, तिथे किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर आहे. मराठीत बोलतात. सकाळी सहा ते रात्री दहा. २००४ पासून तो चालू आहे, पण आपल्या तालुक्यात विचारले तर दहातल्या आठ जणांना ठाऊक नसतो. फोन लावताना झाडाजवळ उभे राहून लावा, कारण समोरचा विचारील, "पान वर वळलंय की खाली?", आणि घरात बसून ते सांगता येत नाही.

काकींनी या वर्षी पुन्हा भेंडी लावली आहे. दिराचा पंप आता परसात येत नाही. बचत गटाने मिळून एक छोटा हातपंप घेतला आहे, आणि त्यावर लाल रंगाने लिहिले आहे "तणनाशक भरू नये". गुरुजींकडे रविवारी सकाळी माणसे येतात, आता शेजारच्या गावचीही. परवा एक तरुण रोप घेऊन आला, व्यवस्थित, मुळासकट, कागदात गुंडाळून. गुरुजींनी त्याला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "पंपात शेवटचं काय भरलं होतं?" तो घरी फोन लावून विचारायला बाहेर गेला.